खळदकर व्हिएतनाम

फोनमध्ये तिचं नाव अजून असंच आहे:
खळदकर व्हिएतनाम.
राहते हडपसरला, गाडीतळाच्या मागे.
पण मला भेटली हनोईत, खोली चारशे सातमध्ये,
‘एकट्या महिला, खोली विभागून’ या दरात.
पहिल्या रात्री आम्ही
घोरण्याबद्दल एकमेकींची आगाऊ माफी मागून झोपलो.
दोघीही घोरतो.

सकाळी पिवळ्या टोप्या घालून बेचाळीस जण तळ्याकाठी उभे.
समोर रस्ता.
रस्ता म्हणजे नुसत्या स्कूटर.
स्कूटरवर कपाटाचा आरसा,
स्कूटरवर संत्र्याचं झाड कुंडीसकट,
स्कूटरवर चौघं, आणि पाचवं झोपलेलं.
आम्ही पुण्याची माणसं, आम्हाला काय स्कूटरचं अप्रूप?
तरी वीस मिनिटं
एकाचंही पाऊल फुटपाथखाली उतरेना.
सहकारनगरचे एक काका म्हणाले, इथे भुयारी मार्ग हवा.

गाइड मुलगी, ल्येन, जेमतेम बावीसची. म्हणाली,
धावू नका. थांबू नका. मागे तर फिरूच नका.
एका चालीनं चला.
ते बघतात तुम्हाला.

खळदकर बाईंनी माझा हात नाही, मनगट धरलं,
बांगड्या भरताना कासार धरतो तसं,
आणि आम्ही उतरलो.
दगडाला वळसा घालून पाणी जावं
तशा गाड्या गेल्या, दोन्ही अंगांनी.
कुणी शिवी दिली नाही.
हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

रात्री हॉटेलात पुलाव होता,
बरोबर आणलेल्या आचाऱ्याच्या हातचा, आणि श्रीखंड.
आम्ही डोकं दुखतंय म्हणालो. दोघींचं, एकदमच.
मग एका गल्लीत
बुटक्या निळ्या स्टुलांवर, गुडघे हनुवटीशी.
तिनं औषधांच्या वहीत कोंबडी काढली, फुली मारली.
डुक्कर काढलं, फुली.
मासा काढला, माझ्याकडे बघितलं,
मग त्यावरही फुली.
मालकिणीनं पेन मागून घेतलं
आणि शेजारी एक कोथिंबिरीची काडी काढली.

वाडगा आला. शेवया, पुदिना, लिंबाची फोड.
मालकिणीनं चिमूट उचलून भुवया उंचावल्या:
मीठ?
खळदकर बाई वाफेत तोंड धरून बसल्या.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
“एकोणीस वर्षं अळणी रांधलं, ह्यांच्या किडनीपायी.
मला किती लागतं ते
मलाच आठवत नाहीये गं.”

तिथून ‘गं’ सुरू झालं.

परत येऊन दोन महिने झाले.
कोथरूडहून हडपसर हनोईपेक्षा लांब पडतं,
पुण्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
ती तळ्याचा फोटो पाठवते. मी अंगठा.
पुन्हा तोच तळ्याचा. पुन्हा अंगठा.
घरी विचारतात, काय काय पाहिलंस?
मी देवळं सांगते,
त्यांची नावंही चुकीची.

आज नळ स्टॉपला सिग्नल बंद होता.
हातात थायरॉइडच्या गोळ्या, अर्धा डझन केळी.
माणसं जमत होती, एकमेकांच्या आडोशानं सरकत होती.
मी उतरले.
धावले नाही. थांबले नाही.
मध्यावर एक पोरगा करकचून ब्रेक लावून ओरडला,
“काकू, मरायचंय का?”
“नाही रे,” म्हटलं, “बघितलंस ना मला?”
तो गोंधळला.
बघितलं होतं त्यानं.
मागे सगळं कर्वे रस्ताभर हॉर्न.

पलीकडे पोचले तेव्हा गुडघे लटपटत होते,
एक केळं देठातून तुटलेलं.
फोन लावला.
“ओलांडला,” म्हटलं.
कुठला रस्ता, ते तिनं विचारलं नाही.
मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली.
“थांब,” म्हणाली, “आहेस तिथंच थांब.
गॅस बंद करते.”

बारीक नाही.
बंद.