बावीस गेज

कुडचड्यात तीस वर्षं मोटारी बांधल्या मी.
विहिरीवरचे पंप, गिरणीची मोटार,
खाणीतलं पाणी उपसणारी ती थोराड धुडं,
आणि चवथीच्या आदल्या रात्री
खोबरं वाटता वाटता जळालेले मिक्सर.
वेढे मोजताना कुणी बोललं
तर नुसती मान हलवायची, आकडा सांडायचा नाही.
पंच्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर.
शाबीला वाटायचं, मी तिच्यावर रागावलोय.

खाण बंद पडली.
मग नवे मिक्सर इतके स्वस्त झाले
की जुना बांधून घेणारा येडा ठरू लागला.
शटर ओढलं. जळकी तार भंगारात किलोवर गेली.
कोऱ्या तारेची अडीच रिळं घरी आणली
आणि पलंगाखाली सरकवली,
न विचारता आणलेल्या पाहुण्यासारखी.

आता खिडकीशी बसतो.
गोल नाकाची पक्कड मडगावहून आणली,
माझ्या जुन्या पकडी चावऱ्या,
तारेवर दात उमटवतात.
पेन्सिलीवर पाच वेढे, मग एक वळसा, मग आकडा.
पाच म्हणजे काय,
मोजायला बसेपर्यंत संपतात.
बोटं सवयीनं पुढं जाऊ बघतात, सहा, सात,
त्यांना धरून ठेवावं लागतं
उतारावरच्या सायकलीसारखं.

शेजारची आंतोनेत जोड्या बाजारात नेते,
बिंबलांच्या लोणच्याशेजारी
पुठ्ठ्यावर टोचून ठेवते. नव्वद रुपये.
एका मुलीनं विचारलं म्हणे, कोण करतं हे?
मोटारवाला, आंतोनेत म्हणाली.
मुलगी हसली. दोन जोड्या घेतल्या.

पहिली जोडी मात्र शाबीची.
दुकान घालताना तिच्या कुड्या बँकेत गेल्या
त्या तिथल्याच झाल्या.
भोकं बुजू नयेत म्हणून
नारळाच्या हिराचा तुकडा घालून असायची.
कुणी आलं की पदर कानावरून.
मी आलो तरी.

म्हणून तिची तार घासून काढली.
पॉलिश पेपरनं सगळं वार्निश उतरवलं,
अशी झगझगली की खिडकीतला कावळा वाकून बघू लागला.
मधोमध नखाएवढी तिसऱ्याची शिंपली.
चार दिवस घातली तिनं.
पाचव्या दिवशी पाळ्या हिरव्या, सुजलेल्या.
बोलली काही नाही.
जोडी काड्यापेटीत ठेवली, खोबरेल लावलं,
पुन्हा हीर.

रात्रभर वर पंख्याकडे बघत होतो.
तोही मीच बांधलेला, दोनदा.
आणि पहाटेकडे एकटाच हसलो.
अरे, दुकानातल्या पोराला
रोज ओरडून काय सांगायचास?
घासायची ती फक्त टोकं.
जिथून करंट जायचा तेवढीच.
बाकी तार राहू दे तिच्या सालीत.
त्या सालीमुळं तर शंभर वेढे
एकमेकांना खेटून वर्षानुवर्षं बसतात
आणि जळत नाहीत.

सकाळी नवी जोडी वळली. घासली नाही.
तांबूस, भाजलेल्या काजूच्या सालीसारखी.
शिंपली नाही, काही नाही.
कापलेलं टोक कानशीनं गोल केलं,
त्यावर वार्निशचा थेंब,
आणि खोक्यात दोनशेच्या बल्बखाली सुकत ठेवली,
मोटार ठेवायचो तशी, दिवसभर.
बिल आलं की कळेल, शाबी म्हणाली.

संध्याकाळी हात पुसत आली, हीर काढले,
समोर बसून डावा कान पुढं केला.
एवढ्याशा भोकात तार घालताना
हात कापला माझा,
जो चारशे चाळीस व्होल्टला कधी कापला नव्हता.

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी
मी तिच्या कानांकडे बघतो
आणि ती विचारते, काय मोजताय?
मी मान हलवतो.
आज नववा दिवस.