पाच प्रश्नांचा कागद

तालुक्याहून आला पाच प्रश्नांचा कागद,
वर निळा शिक्का, खाली माझ्या सहीची जागा.
तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं का?
शेवंता हसली तोंडाला पदर लावून,
रोवणीत कोणाचं नाई उतरत, बाई?
जेवणावरचा ताबा सुटतो असं वाटतं का?
ताबा? तो तं सासूकडं आहे.

फुल्या मारत गेली मी
तलावाच्या पाळीपासून खालच्या टोल्यापर्यंत,
एकोणचाळीस घरं,
नाही, नाही, नाही.

कापगत्यांची मोहिनी बारावीची.
भर वैशाखात अंगात स्वेटर.
आई कौतुकानं सांगे,
सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी,
लय देवाची आहे पोरगी माही.
अन् स्वच्छ किती!
घास गिळला की न्हाणीत, बादल्यावर बादल्या ओतते.

उपासाला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.

पाचही प्रश्नांना तिनं मान हलवली. नाही जी.
सहीसाठी पेन धरला तेव्हा दिसले
बोटांच्या सांध्यांवर दोन घट्टे.
निंदणाचे घट्टे तळहाताला पडतात.
हे पाठीमागून होते,
जिथं दात लागतात.

तो एक कागद मी दिला नाही.

गुरुवारी गेली बिनकागदाची.
ओसरीत चिचा फोडत बसलो दोघी,
चिचोके टोपल्यात, टरफलं सुपात.
वजन विचारलं नाही, पेपर कसे गेले तेही नाही.
तिसरा पायलीभर ढीग झाला तेव्हा
ती सुपाकडं पाहत म्हणाली,
बाई, आरशात मले दुसरीच दिसते.
जाडी.
मी जेवली का ती वाढते.

मी चिचा फोडतच राहिली.
माझा हात थांबला असता
तं तीही थांबली असती.

महिन्याच्या तक्त्यात लिहिलं : संशयित, एक.
दुसऱ्या दिवशी फोन.
ताई, आकडा चुकून पडला का हा?
आपल्याकडं कुपोषण असते, हे नसते.
हे मोठ्या शहरातलं.
दंडाची पट्टी आहे ना तुमच्याजवळ?
आहे न सर. लाल, पिवळी, हिरवी.
लहान लेकरांची आहे ते.
मग खोडू का एक?
पलीकडं पंख्याचा आवाज येत होता, कोणीतरी चहा मागवत होतं.
नोका खोडू, म्हटलं. राहू द्या.

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या डॉक्टरीण
फक्त शुक्रवारी बसतात.
सव्वानऊची एसटी.
आईले काय सांगू, मोहिनीनं विचारलं.
सांग, डोळे दाखवायले चालली.
तिला हसू आलं, जरासं,
मग गेलं.

गाडीनं पाळीच्या वळणावर हॉर्न दिला
तेव्हा ती उंबऱ्यातच होती,
एक चप्पल पायात,
एक हातात.