हजर

हजेरीत माझा नंबर एकोणतीस.
सत्तावीसपासूनच घशात दगड यायचा.
ह म्हणजे नुसता श्वास,
त्याला ना दात लागतात ना ओठ,
तरी तोच माझ्याकडं अडायचा.
बाई पेन उचलून बघायच्या, मग पुढं जायच्या:
कस्तुरी चौगुले, शेवटचा बाक,
उंची वर्गात सगळ्यांत जास्त,
गैरहजर.

रविवारी अकराला टीव्हीवर तेविन यायचा.
अंतराळात तेव्हा सगळे हिंदी बोलायचे,
ओठ आधी मिटायचे, वाक्य नंतर संपायचं.
तेविन यानावरचा सगळ्यांत धाकटा,
गणवेश एक माप मोठा,
कप्तानासमोर गेल्यावर हातांचं काय करायचं
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
पाळी संपली की तो उजेडाच्या खोलीत शिरायचा,
बटण दाबून उजेडाचा कप्तान उभा करायचा
आणि त्याला सांगायचा सगळं, न अडखळता,
की सातव्या नळीला तडा गेलाय,
की मीच पाहिलाय तो, पहिल्यांदा.
दार उघडून बाहेर आला की पुन्हा मुका.
अख्खं यान धोक्यात, आणि हा पोरगा
बोळात उभा राहून कॉलर सारखी करतोय.
आई म्हणाली, "ह्याला एक ठेवून दिली पाहिजे."
मी काही बोलले नाही.

मामाची गिरणी मंगळवार पेठेत.
दुपारी शाळा सुटली की मी डबे लावायला बसायची.
चारच्या सुमारास पत्र्यातल्या भोकातून
उन्हाची तिरीप उतरायची,
पीठ तिच्यात उभं राहायचं, माणसाएवढं.
पट्टा फिरायचा, जातं गरजायचं,
माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही,
आणि ऐकू आला नाही की तो अडायचा नाही.
म्हणून मी पिठाच्या बाई केल्या.
पिठाच्या बाई म्हणाल्या, एकोणतीस.
मी म्हणाले, हजर.
हजर बाई. हजर, हजर, हजर.
मग भीड चेपली. रोज काहीबाही सांगू लागले,
पंचगंगेच्या पाच नद्या,
कुणाच्या डब्यात ज्वारी ओली येते,
तेविनचा गेल्या रविवारचा भाग.

त्या बुधवारी लाईट गेली.
पट्टा सैल पडला, जातं दोन वेढे घेऊन थांबलं
आणि माझं वाक्य एकटंच पुढं गेलं,
गिरणीभर, मोठ्यानं:
"तडा तेविननंच पाहिला होता, पण"

बाकड्यावर हिंदुराव.
तालमीतला, मुरगूडकडचा, कान मोडलेले,
गव्हाचा डबा पोटाशी, तान्ह्या पोरासारखा.
बसला की बाकडं करकरायचं,
म्हणून अर्धा उभाच असायचा.
मामा चहाला गेलेला.
मी पिठाकडं पाहिलं. पीठ खाली बसत होतं,
बाई डोक्यापासून विरत गेल्या.

"पण काय?" तो म्हणाला.
म्हणाला, आणि मोडक्या कानांपर्यंत लाल झाला.
"वस्तादांनी टीव्ही माळ्यावर टाकलाय.
नुसत्या कुस्त्या बघायच्या म्हंत्यात.
त्या पोराचं काय झालं मग? सांगितलं का त्यानं?"

मी सांगायला लागले.
क वर अडले, त वर अडले,
ह वर तर एवढी थांबले
की दारावरनं धारेच्या म्हशी गेल्या, आठ,
मागं एक रेडकू.
तो शब्द पुरवायला मध्ये आला नाही.
वीस मिनिटांचा भाग, मला पाऊण तास झाला
तरी कप्तान अजून खुर्चीतून वळला नव्हता.

तेवढ्यात लाईट आली.
जातं गरजलं, पीठ उठलं,
तिरीप मात्र तोवर सरकून भिंतीवर गेली होती.
हिंदुरावनं डबा पुढं केला
आणि काहीतरी म्हणाला, चार-पाच शब्द.
ओठ मिटले.
मला ऐकू आलं नाही.
मी मान डोलावली,
आणि डब्यावर खडूनं त्याचं नाव लिहायला घेतलं.
पहिलं अक्षर जरा मोठंच आलं.