मपलं, तुपलं

गंजगोलाईच्या मागं, हमालांच्या हॉलात
रविवारी संध्याकाळी व्यंकट मास्तर
फळ्यावर तुरीचा दाणा काढतात.
वाटोळं नीट जुळत नाही, खडू दमट.
म्हणतात, हा दाणा म्हणजे एक म्हणणं.
मातीत गेला, फुगला, फुटला,
हे त्याच्या म्हणण्याला त्यानंच दिलेलं उत्तर.
आणि रोप?
रोपात शोधा, दाणा सापडत नाही,
अन् दाण्याशिवाय रोप नाही.

आम्ही चौदा जण. पंखा एक.
ताजोद्दीन खांदा चोळत मान डोलावतो.
मी मापाडी, लिहून ठेवायची खोड,
तारीख टाकून सगळं उतरवून घेतो.

तेवढ्यात दारातून केवळाबाई,
दाळमिलात चाळणीवर असते ती,
नुसती हॉलची चावी द्यायला आलेली :
"आन् दाळीचं काय वो, मास्तर?
ती बी फुटलेलीच की.
पेरून बघा. उगवती का?"

कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत.
खडू खिशात टाकला, म्हणाले, बसा बाई.
उभ्यानं बी आयकू येतं, म्हणाली.

केवळाबाई धारूरकडची.
'माझं' तिच्या तोंडात बसत नाही, ती 'मपलं' म्हणते.
मास्तरांना त्यातच पुढचा धडा दिसला.
फळ्यावर लिहिलं मपलं, खाली तुपलं.
बघा, भांडण सगळं पहिल्या अक्षराचं,
'पलं' दोघांचं एकच.
आणि तिसऱ्या ओळीत, सावकाश,
आपलं.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.
बाईनं चावी या हातातून त्या हातात घेतली.
"आपलीच बाई हाय म्हणून
मुकादम मपली अर्धी हजेरी कापतो.
देऊळ बी आपलंच व्हतं,
मपली सासू जलमभर पायरीच्या खालीच उभी.
जपून लिवा ते तिसरं."

मास्तरांनी पुसलं नाही.
'आपलं'च्या पुढं प्रश्नचिन्ह काढलं,
विळ्याएवढं.

त्या रात्री गोलाईला मी दोन फेऱ्या मारल्या.
सोळा रस्ते फुटतात तिथून,
माझा घराकडचा दोनदा चुकला.
मला वाटायचं, खरं म्हणजे मधोमध.
शेतकरी म्हणायचा सत्तेचाळीस किलो, अडत्या पंचेचाळीस,
मी सेहेचाळीस पुकारायचो,
दोघंही शिव्या घालायचे,
म्हणजे मी न्यायी.
एकोणीस वर्षं.
दोन्ही पारड्यांत सारखंच खोटं टाकलं
तरी काटा सरळ उभा राहतो,
हे मापाड्याला कुणी सांगावं लागतं का?

आता पारडी गेली, लाल आकडे आले.
आकडा मी बघतो,
आणि आकडा पुकारणाराही मीच.
दोघांच्या मध्ये एक श्वास असतो,
तेवढ्यात अडत्याचा चहा येतो.

सोमवारी सेहेचाळीस किलो सातशे भरलं.
मी सातशेही पुकारले.
अडत्यानं नुसतं बघितलं. चहा आला नाही.
यात मोठं काही नाही,
मंगळवारी मी पुन्हा सातशे गिळले
आणि बुधवारी त्यासाठी स्वतःशी भांडलो.

पुढच्या रविवारी चावी द्यायची नव्हती,
तरी केवळाबाई आली.
दाराच्या चौकटीला टेकून, मास्तर बोलायच्या आधीच :
"मागल्या बारीला दाळीचं बोलले ना मी,
ते पुरतं खरं न्हाई.
मिलच्या नाल्यापाशी तूर उगवलीया. दोन हात उंच.
चाळणीतून एखादा दाणा न फुटता निसटत आसंल."
थांबली. स्वतःच म्हणाली,
"पर त्यो दाळ व्हता का मंग?"

मी वही उघडली, तारीख टाकली.
मागच्या पानावरचं
काहीच खोडलं नाही.