तिसऱ्या खांबापर्यंत

एकतीस वर्षं मी पोरींना पळवलं.
गळ्यात शिट्टी, हातात हजेरी,
"गुडघे वर, नाशकरे, गुडघे वर!"
आणि आता पहाटे पाचला
त्रिमूर्तीनगरच्या गल्लीत
एका कुत्र्यामागे उभी असते,
त्याचा एक दगड हुंगून होईस्तोवर.

भुरका अकरा वर्षांचा.
हृदयातली एक झडप नीट मिटत नाही,
थोडं रक्त मागं फिरतं.
डॉक्टर उईकेंनी कागदावर काढून दाखवलं,
मग स्टेथोस्कोप माझ्याच कानांना लावला.
लब-डब नव्हतंच ते.
कूलरच्या पंपात हवा अडकली
की येतो तसा फुसफुसता आवाज.

"व्यायाम बंद?"
"बंद नको. त्याच्या बेतानं.
पट्टा गळ्याला नको, छातीला घ्या.
ऊन चढायच्या आत घरी.
थांबला की थांबायचं. ओढायचं नाही."

ओढायचं नाही.
एकतीस वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पूर्वी सेमिनरी हिल्सचा चढ तो माझ्याआधी चढायचा,
वर पोचून मागं वळून बघायचा,
जसं काही हजेरी त्याच्याच हातात.
आता फाटकापासून तिसऱ्या खांबापर्यंत.
मे महिन्यात दुसऱ्याच.
ढोकेकाकू सडा टाकता टाकता म्हणतात,
"कायले तरास देता जी त्याले? निजू द्या ना घरीच."
पण पट्ट्याची कडी वाजली
की शेपटी फरशीवर आपटते, अजून.
काकूंना ते कसं सांगू.

रात्री तो कूलरसमोर झोपतो.
मी स्टॉपवॉच घेऊन शेजारी:
पोट वर, पोट खाली, एक.
मिनिटाला सव्वीस. अठ्ठावीस.
तिशीच्या आत असलं की दिवा मालवते.
ज्या वहीत शंभर मीटरचे आकडे आहेत
तिच्याच मागच्या पानांवर हे लिहिते.
किती दिवस, असं मी एकदाच विचारलं होतं.
उईके म्हणाले, "चांगले तेवढे मोजा.
वहीत जागा आहे ना?"

परवा कोहाडांची मांजर भिंतीवरून उतरली
आणि भुरका धावला.
कान मागे, पाठ ताणलेली,
तीन पावलं, चार,
माझा हात गळ्याशी गेला, शिट्टी शोधत.
पाच.
मग रस्त्याच्या मधोमध बसला, जीभ लोंबत.
मीही बसले. कालचं ऊन
अजून डांबरात होतं.
दूधवाल्यानं सायकल वळवून घेतली,
"मॅडम, गाडी पंक्चर का जी?"
"नाही," म्हटलं, "रेस होती."

रात्री चौतीस.
उईकेंना फोन. पाण्याची अर्धी गोळी जास्त,
पोळीच्या घासात लपवून;
घास खाल्ला, गोळी थुंकली, पुन्हा घास.
साडेबाराला एकतीस.
दीड वाजता अठ्ठावीस.

आकडे लिहिले,
आणि शेजारच्या रकान्यात,
जिथे पोरींसाठी 'शेरा' लिहायची:
पाच पावलं. मांजर सुटली.