अर्थिंगचा खड्डा

अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्पपेपरवर,
कलम सात: मीटरच्या पुढचं सगळं भाडेकरूचं.
पुढचं म्हणजे कुठपर्यंत,
ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही, मी विचारलं नाही.
चावी घेतली.
उदगीरच्या मोंढ्यामागं दहा बाय अठराचा गाळा,
दोन चक्क्या. कांडप मी नंतर बसवलं,
मिरचीच्या दिवसांत,
कुणाला न सांगता.

चैतात एक बाई ज्वारी ओतता ओतता
हॉपरवरून हात झटकून म्हणाली,
"दादा, मुंग्या आल्यासारखं करायलंय."
आणि हसली.
मीही हसलो.
दळण सव्वाचार किलो भरलं, तेवढ्याचेच पैसे घेतले.

त्या रात्री शटर ओढताना
इरबाला शटरनं धरलं.
पोरगं सोळाचं. फेकलं गेलं म्हणून वाचलं.

खय्यूम वायरमननं फ्यूज उपसून
माझ्या तळहातावर ठेवला.
आत तांब्याची जाड तार, तिपदरी वळलेली.
"हे कुणी केलं?"
वळण माझ्याच हातचं होतं.
मंजूर भार पाचचा, चालत होते नऊ.

मन्मथप्पांना फोन लावला.
म्हणाले, भार तुमचा, तुम्हीच बघा.
ईएलसीबीचे निम्मे देतो म्हणाले,
अजून देतायत.

मग खय्यूमनं गाळ्यामागं नेलं,
पोत्यांचा ढीग सारला.
खाली खड्डा: मीठ, कोळसा,
आणि भाजल्यासारखी ठाण माती.
"पाणी पाजा हिला.
कोरडी जमीन काहीच पोटात घेत नसते."

नळ इथं आठव्या दिवशी येतो.
पहिली घागर प्यायला,
दुसरी घेऊन मी मागं जातो.
शेजारचा कापडवाला ओरडतो,
"ओ गिरणीवाले, झाड ना झुडूप,
कामून मातीला पाणी घालायलाव?"
पहिल्यांदा समजावून सांगितलं.
आता नुसता हात हलवतो.

सकाळी आधी टेस्टर, मग अगरबत्ती.
कांडपाला वेगळी लाईन, भार वाढवून घेतला,
डिपॉझिट बायकोच्या भिशीतून.
इरबा आठ दिवस आला नाही,
आला तेव्हा शटरच्या कडीला फडकं बांधलं त्यानं.
सोड म्हटलं नाही मी.

ती बाई परत आली नाही.
कुठं दळत असेल?

करार पुन्हा झाला. कलम सात तसंच.
खाली पेननं एक ओळ मी वाढवली:
खड्ड्याला पाणी, भाडेकरू.
मन्मथप्पांनी चष्मा वर करून वाचलं,
काही बोलले नाहीत, सही केली.

ओल्या मातीवर हल्ली एक कुत्रं येऊन झोपतं.
घागर घेऊन गेलो की
आधी त्याला उठवावं लागतं.