ग्वार्दानिएवेस

तेरुएलच्या नोंदणी कचेरीत
माझ्या खिडकीशी एर्मिनिया उभी आहे,
पोटाशी सहा दिवसांची पोर.

आडनाव? मी विचारतो. खरं तर ठाऊक आहे.
ग्वार्दानिएवेस. बर्फ राखणारे.
तिच्या खापरपणज्याचे बाप-आजे
डोंगरातल्या दगडी विहिरीत उतरून
बर्फ पायांनी तुडवत, वर काड अंथरत,
आणि जूनमध्ये, रात्रीच, खेचरांवर लादून
वालेन्सियाला नेत.
निम्मा वाटेतच पाझरून जाई.
पैसे उरल्याचे.

सरकारी यादीत हे आडनाव नाही.
विसाच्या आत असलात
की आकड्याऐवजी दोन ठिपके.
एर्मिनिया बोटांवर मोजते: नऊ.
मग एक बोट मिटते. भाऊ मार्चमध्ये गेला.

इथे बापाचं आडनाव आधी, आईचं मागून;
पुढच्या पिढीत मागचं गळतं,
कुणी ढकलत नाही, आपसूक.

लेआंद्रो टोपी चुरगाळत म्हणतो,
"माझं लोपेझ. लोपेझ काय, पोत्यानं आहेत.
हिचं आधी लिहा."

मी लिहितो. कागदावरचे चौकोन
शेवटच्या अक्षराआधीच संपतात.
ते समासात लिहितो
आणि टीपकागद
जरा जास्तच वेळ दाबून धरतो.